'दिसला ना काका!' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका : लोकांसाठी आकाशदर्शनाची रात्र कशी चालवायची

नागपूरजवळ हिंगण्याच्या बाजूला एका गच्चीवर आमच्या ग्रुपची छोटीशी वेधशाळा आहे. वेधशाळा म्हणजे फार काही नाही, रुळांवर सरकणारं पत्र्याचं छप्पर, त्याखाली एक आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवर बसवलेली आरशाची दुर्बीण), एक जुनी चार इंची दुर्बीण, अन मंडपवाल्याला परत द्यायच्या राहून गेलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. पावसाळा सोडून महिन्यातला एक शनिवार लोकांसाठी. बरीच वर्षं हे करून राहिलोय अन आता कुणी नवीन सुरू करायचं म्हटलं की मला तेच तेच प्रश्न विचारतात, केवढा टेलिस्कोप घेऊ, कोणता अ‍ॅप चांगला, गावापासून किती दूर जाऊ. खरी अडचण यातली एकही नाही, पण ती रात्री साडेसात वाजता रांग लागल्यावरच कळते.

टेलिस्कोप जोडता येतो, फाइंडर (नेम धरायची वरची छोटी दुर्बीण) जुळवता येतो, आरसे सरळ करता येतात हे मी धरून चालतो. येत नसेल तर आधी दोन-तीन महिने एकट्यानं करा, लोकांना नंतर बोलवा.

तारीख

नेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की अमावास्येची रात्र निवडा. पेंचला जात असाल तर खुशाल निवडा, २०२४ च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेल्या जागेचा, दर्जा मिळाला, भारतातला पहिलाच, तिथं अमावास्येला आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. पण नागपुरात अमावास्येला काय दाखवणार? आभाळ नारिंगी-करडं, देवयानी दीर्घिका दाखवली तर लोकांना वाटतं काच पुसायची राहिली. लोक पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावतात तेव्हा त्यांना चंद्र पाहिजे असतो, अन तो खरोखर भारी दिसतो. म्हणून शुक्ल पंचमी ते नवमी यातला शनिवार धरा. तेव्हा उजेड अन अंधाराच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडलेल्या असतात अन खड्डा खड्ड्यासारखा दिसतो.

पौर्णिमा तर नकोच. त्या दिवशी सूर्याचा उजेड समोरून पडतो, सावल्याच नसतात, चंद्र म्हणजे नुसती पांढरी थाळी, अन डोळ्यापुढे काजवे चमकतात ते वेगळंच. तरी दरवर्षी कुणीतरी येऊन म्हणतं, कोजागिरीला ठेवू ना भाऊ, दूधही होईल. दूध आटवा, गाणी म्हणा, टेलिस्कोप घरी राहू द्या.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये आकाश मोकळं असतं पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत गरम हवा फेकत असतो, चंद्र उकळत्या पातेल्यात टाकल्यासारखा हलतो. जून ते सप्टेंबर कुलूप. नेमका तेव्हाच ऑगस्टमध्ये 'आज मंगळ चंद्राएवढा दिसणार' हा मेसेज फिरतो, २००३ साली मंगळ खरंच खूप जवळ आला होता तेव्हापासून फिरून राहिला, अन चंद्राएवढा तर तेव्हाही दिसला नव्हता. फोन आले की सांगा अन ठेवून द्या.

काय दाखवायचं

तीनच गोष्टी. चंद्र, एक ग्रह, एक ताऱ्यांचं काहीतरी. दहा गोष्टींची यादी करणाऱ्याला रांग सांभाळायचा अनुभव नाही हे लगेच समजतं. ताऱ्यांमध्ये हिवाळ्यात कृत्तिका, मार्च-एप्रिलमध्ये सप्तर्षीतले वसिष्ठ-अरुंधती. लग्नात गुरुजी भरदुपारी मांडवाच्या कापडाकडे बोट करून अरुंधती दाखवतात, ती खरी कुठे आहे हे बघून आज्या फार खूश होतात, अन दुर्बिणीतून वसिष्ठ स्वतःच दोन तारे आहे हे दिसलं की पोट्टेही गप्प होतात.

शनी असेल तर लोकांना आधी सांगून ठेवा की कडं कसं दिसणार. साधारण दर पंधरा वर्षांनी ती कडी आपल्याला कडेनं दिसतात, २०२५ च्या मार्चमध्ये तसं झालं अन त्या हिवाळ्यात शनी म्हणजे मोत्यात टाचणी खुपसल्यासारखा होता. पुस्तकातला फोटो डोक्यात घेऊन आलेला एक माणूस मला म्हणाला, हा तुमचा लोकल शनी आहे का.

मांडणी

सूर्य पूर्ण मावळेपर्यंत नळीचं झाकण काढायचं नाही, मावळल्यावर थोडा उजेड असतो तेवढ्यात दूरच्या टॉवरवर फाइंडर जुळवायचा, टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावायचा. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो, लोकांना साडेसहा सांगा, म्हणजे सातपर्यंत येतील.

रांग अन आयपीस

आता खरं काम. यात मी दोन हिवाळे वाया घालवले अन मला ते कळलंही नाही, कारण सगळे खूश होऊन जात होते.

एका शनिवारी गुरू लावला होता. बॉक्ससोबत आलेला १० एमएमचा आयपीस (डोळा लावायचं भिंग, आकडा जितका लहान तितकं मोठं दिसतं), म्हणजे आमच्या १२०० एमएम फोकल लांबीच्या नळीला १२०० भागिले १०, १२० पट. मला वाटायचं मोठं दाखवलं की लोक जास्त खूश. रांग सरकून राहिली, प्रत्येक जण डोळा लावून म्हणतो वा, मस्त, भारीच आहे हो, अन पुढे जातो. अकरा-बारा जण झाले. मग चौथीतली एक पोरगी आली, तिनं डोळा लावला, काढला, परत लावला अन म्हणाली, काका, इथं तर काहीच नाहीये. मी वाकून पाहिलं तर खरंच काही नव्हतं, काळंकुट्ट. गुरू कधीचा निघून गेला होता. मग त्या अकरा-बारा जणांनी काय पाहिलं? त्यातल्या एका आजीला मी नंतर विचारलंच, तर त्या म्हणाल्या, तू एवढा थंडीत उभा हायेस बावा, कशाला तुला नाही म्हणू.

हिशोब साधा आहे, मीच कधी केला नव्हता. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकतं. १२० पटीला दिसणारं वर्तुळ अर्ध्या अंशापेक्षाही लहान, मध्यावर लावलेला गुरू पन्नासेक सेकंदांत काठाबाहेर. एका माणसाला लागतात चाळीस सेकंद. म्हणजे पहिल्यानं पाहिला, दुसऱ्यानं जाता जाता पाहिला, बाकीच्यांनी माझं मन राखलं.

म्हणून आयपीस २५ किंवा ३२ एमएमचा, अन रात्रभर तोच. २५ एमएमला ४८ पट होतात, एक अंशभर आकाश दिसतं, चंद्र अख्खा मावतो, ग्रह चार मिनिटं टिकतो. गुरू लहान दिसतो, हो, पण दिसतो. अन त्याला बरोबर मध्यावर लावू नका, ज्या काठाकडून तो आत येतो तिकडे थोडा ठेवा म्हणजे तो वर्तुळ पार करत राहील, अन दर दोन माणसांनी तुम्ही स्वतः डोळा लावून बघा. आकाशाबरोबर आपोआप फिरणारा मोटरवाला स्टँड असेल तरीही बघा, कारण मोटर बरोबर चालते पण कुणाचा तरी कोपर लागतोच.

छोट्या आयपीसचा दुसरा त्रास म्हणजे साध्या १० एमएमला डोळा काचेपासून सात-आठ मिलिमीटरवर न्यावा लागतो. पापण्या घासतात, चष्मा तर बसतच नाही, नवीन माणूस घाबरून मागे सरकतो अन त्याला काळं दिसतं. अन त्यावर बार्लो नावाचं जादा भिंग लावून पॉवर वाढवा असं सांगणारे जे आहेत ना, त्यांना एक रात्र साठ लोकांची रांग सांभाळायला द्या.

आता माणूस. माणूस दुर्बिणीजवळ आला की पहिलं काम काय करतो, तिला पकडतो. त्याची चूक नाही, एका डोळ्यानं वाकून बघताना तोल जातो, हाताला काहीतरी लागतं. 'हात लावू नका' असं ओरडून मी घसा बसवून घेतला, उपयोग शून्य. मग आयपीसजवळ एक जड खुर्ची ठेवली अन सांगायला लागलो, हिच्या पाठीला धरा. तेव्हापासून ओरडावं लागलं नाही. प्लास्टिकची नको, ती माणसासकट सरकते. लहान मुलांसाठी दोन पायऱ्यांचं स्टूल, अन बाबांना पोराला कडेवर उचलून दाखवू देऊ नका, कडेवरचं पोर डोळा आयपीसला लावतं अन पाय नळीला.

एक डोळा मिटायला सांगितलं की बऱ्याच जणांचे दोन्ही मिटतात, मुलांचे अन म्हाताऱ्या माणसांचे तर हमखास. तळहातानं झाकायला सांगा. अन एकदम डोळा टेकवायला लावू नका. वीतभर लांबून आयपीसमध्ये उजेडाचा एक छोटा ठिपका दिसतो, आधी तो बघा, मग त्या ठिपक्यातच हळूहळू आत या, असं सांगा. चंद्रावर हे फार सोपं जातं, म्हणून पहिली फेरी नेहमी चंद्राची, तीच प्रॅक्टिस. चंद्र जमला की ग्रहाला त्रास होत नाही.

चष्म्याचं असं आहे की नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस फिरवला की झालं. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर चष्मा ठेवा, फोकस तो भरून काढत नाही. पण ज्यानं फोकस फिरवला त्याच्यानंतर तुम्ही परत जागेवर आणा, नाहीतर पुढचा माणूस पांढरा भोपळा बघतो अन वा मस्त म्हणतो. मी पितळी नॉबवर नेलपॉलिशची खूण करून ठेवलीये, अंधारात लाल टॉर्चमध्ये ती नीट दिसत नाही हे नंतर लक्षात आलं, आता पांढरी आहे.

थंडीत आयपीसवर श्वासाची वाफ धरते. दर पंधरा मिनिटांनी तपासा, अन रुमालानं किंवा पदरानं पुसायला कुणी धावलं तर आडवे व्हा. दोन आयपीस ठेवा, एक खिशात गरम करत, एक दुर्बिणीला.

अन 'दिसलं का?' हा प्रश्न कायमचा बंद करा. आपल्याकडे या प्रश्नाला 'हो'च उत्तर असतं, पाहुणा जेवताना 'भाजी झाली ना बरोबर?' विचारल्यासारखं आहे ते. त्याऐवजी असं विचारा की न पाहता उत्तर देताच येणार नाही. गुरू असेल तर, शेजारी ठिपके किती अन कोणत्या बाजूला किती? ते चार चंद्र गॅलिलिओनं १६१० मध्ये पाहिले तेच, पण दरवेळी चारही दिसतात असं नाही, एखादा गुरूच्या मागे किंवा पुढे असतो, म्हणून त्या रात्रीचं उत्तर अ‍ॅपवर आधी बघून ठेवा. पुस्तकातलं ठोकून देणारा 'चार' म्हणतो अन सापडतो. शनीला विचारा, बाजूला एक बारीक तारा आहे तो कुठे आहे, तो टायटन, शनीचा चंद्र. चंद्राला विचारा, अंधारा भाग कोणत्या हाताला. डॉब्सोनियनमध्ये चित्र उलटं असतं, त्यामुळे वर बघून उत्तर देणाराही सापडतो. कुणाला लाजवायचं नाही मात्र. उत्तर चुकलं की म्हणायचं, थांबा, माझाच टेलिस्कोप हलला, अन परत लावून द्यायचा.

हे सगळं करता करता माणशी मिनिटभर धरा. एका दुर्बिणीला चाळीस माणसं, बस. आम्ही एकदा बातमी पेपरात दिली अन रस्त्यापर्यंत रांग गेली, रात्री साडेदहाला चंद्र कलला तेव्हा अर्धे लोक पायरीवरच होते अन त्यांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. आता नावं आधी फोनवर घेतो.

आयपीसजवळ एकच माणूस अन रांगेजवळ दुसरा. रांगेतल्यानं बोलत राहायचं, मृग दाखवायचं, व्याध दाखवायचा, त्याच्या खाली दक्षिणेला अगस्त्य दाखवायचा. हिरवा लेझर वापरायचा तर आधी चारी बाजू बघा, सोनेगावला उतरणारी विमानं आपल्या डोक्यावरूनच जातात अन पायलटच्या डोळ्यावर तो गेला तर गंमत राहत नाही. माझ्या मते टॉर्च अन हात पुरे.

मोबाइलनं फोटो काढायची वेगळी फेरी शेवटी ठेवा. मधेच सुरू झालं की एकेक जण पाच मिनिटं खातो अन स्क्रीनच्या उजेडानं सगळ्यांचे डोळे जातात, अंधाराला सरावायला परत वीस मिनिटं.

ढग आले तर

अर्धा तास थांबा, चहा द्या, नाही हटले तर पुढच्या वेळच्या शनिवारसाठी नावं लिहून घ्या. स्लाइड शो लावू नका, लोक तो घरी बघू शकतात.

आवरताना

झाकणं, केबल, छपराचं कुलूप, अन आयपीस मोजा. चार आणले होते तर चारच परत पेटीत गेले पाहिजेत. एकदा तीनच भरले, दोन दिवसांनी एक ताई आल्या, त्यांच्या पोराच्या जॅकेटच्या खिशात सापडला होता, बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या होत्या की बोलता येईना. मी डबी उघडून पाहिली तर तो बॉक्ससोबत आलेला १० एमएम. त्यांना म्हटलं, ताई, राहू द्या, पोराला आवडला असेल तर त्यालाच द्या.