टक्का दहाच्या आत आला, आता तपासायचं काय?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधांची साम्य-तपासणी मी करते, म्हणजे प्रबंधातला किती टक्के मजकूर दुसऱ्यांच्या लेखनाशी जुळतो, ते सॉफ्टवेअरने बघते. विद्यार्थी विचारतात, "मॅडम, दहाच्या आत आणून द्याल ना?" टक्का मोजणं माझं काम आहे. प्रबंध प्रामाणिक आहे की नाही, हे मात्र मी एकटी सांगू शकत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. ४० पर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ६० पर्यंत गेलं तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण त्याच नियमांत विद्यार्थ्याचं हमीपत्र आहे, मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र आहे आणि चोरीच्या तक्रारी तपासणारी विभागाची समितीही आहे.

विद्यार्थ्याने सुरुवात टिपणांपासून करावी. दुसऱ्याचं वाक्य उतरवलं की त्याच क्षणी अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक टाका. स्वतःचा विचार वेगळ्या शाईत लिहा. दोन वर्षांनी कुठलं वाक्य कोणाचं, ते आठवत नाही. इंग्रजी लेखाचा मराठीत अनुवाद करून घातलात तरी संदर्भ द्यावाच लागतो. आणि टक्का कमी करून देणाऱ्या दुकानांत प्रबंध नेऊ नका. तिथे ‘स्त्रीशिक्षणाची चळवळ’चं ‘महिलाअध्यापनाचं आंदोलन’ होतं. चोरी तशीच राहते, वर भाषाही जाते.

मराठी प्रबंधांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वेगळीच वाटते. सॉफ्टवेअर त्याच्याकडे असलेल्या मजकुराशीच ताडून बघतं. जुनी मराठी पुस्तकं, नियतकालिकांचे अंक, स्कॅन करून ठेवलेले प्रबंध, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली यांतलं बरंचसं त्याला वाचताच येत नाही. इंग्रजीतून उचलून अनुवाद केलेलं तर सहसा निसटतंच. त्यामुळे तीन टक्के आलेला मराठी प्रबंध स्वच्छ असेलच असं नाही. ते ओळखू शकतो तो त्या विषयात मुरलेला मार्गदर्शकच.

म्हणून सर, मॅडम, प्रकरणं एकेक करून वाचा. भाषा अचानक बदलली की विद्यार्थ्याला समोर बसवून विचारा, "हे कुठून घेतलंस? मूळ पान दाखव." अहवालातला आकडा बघून फाइल मिटू नका, रंगवलेली वाक्यं बघा. वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले नऊ टक्के बहुधा निरुपद्रवी असतात. एकाच प्रबंधातून सलग आलेले पाच टक्के नसतात. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश तपासणीतून वगळलेले आहेत ना, हेही पाहा. न वाचता प्रमाणपत्रावर सही करू नका.

सोबतच्या संशोधकाला चोरीचा संशय आला तर कँटीनमध्ये कुजबुज नको. मूळ मजकूर आणि प्रबंधातली पानं शेजारी लावून विभागाच्या समितीकडे द्या. समितीने ४५ दिवसांत संस्थेच्या समितीकडे अहवाल द्यायचा असतो. विभागप्रमुखांनी ही समिती कागदावरच राहू देऊ नये. सदस्य कोण आहेत, ते सूचनाफलकावर लावावं.

पदवी मिळाल्यावर प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जातो. ती प्रत युनिकोडमध्ये टाइप केलेली, शब्द शोधता येतील अशीच द्या. छापील पानं स्कॅन करून देऊ नका. तुमचा मजकूर उद्या कोणी उचलला, तर तो त्या प्रतीमुळेच सापडेल.