टेन्थ ऑफ डिसेंबर वाचायचंय? रिव्ह्यू नंतर बघा

सांगलीतल्या वाचन ग्रुपला अमेरिकन लेखक जॉर्ज सॉन्डर्सचं 'टेन्थ ऑफ डिसेंबर' हे कथांचं पुस्तक घ्यायचं असेल तर पहिल्या कथेपासून सुरू करू नका, ती तीन जणांच्या डोक्यात उड्या मारते. आधी 'स्टिक्स' घ्या, जेमतेम दोन पानं, भडंगाची प्लेट संपायच्या आत वाचून होते, त्यातला बाप अंगणातल्या पाइपच्या क्रॉसला सणासुदीला कपडे चढवतो पण पोरांशी मात्र एक नंबर चिक्कू. मग 'सेम्प्लिका गर्ल डायरीज', तुटक वाक्यांची डायरी आहे, मोठ्यानं वाचा म्हणजे लय सापडते. रिव्ह्यू शेवटी. न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिननं तर २०१३च्या जानेवारीतच हे वर्षातलं बेस्ट पुस्तक म्हणून टाकलं (घाईच की!), २०१४ला इंग्रजी पुस्तकांसाठीचं पहिलं फोलिओ प्राइझ मिळालं. कौतुक वाचताना बघा, समीक्षक लेखकाच्या चांगुलपणावर बोलतोय की वाक्यांवर, वाक्यांवर बोलणाराच कामाचा.