चर्चिल नदी कुठे वळवली, ते घरबसल्या कसं बघायचं

कॅनडात मॅनिटोबाच्या नकाशात चर्चिल नदीची निळी रेघ थेट हडसन बेपर्यंत गेलेली दिसते. त्या रेघेवर विश्वास ठेवू नका, कारण १९७६-७७ पासून नदीतलं बरंचसं पाणी मधेच दक्षिणेला वळवलंय.

गुगल अर्थ उघडा आणि सदर्न इंडियन लेक शोधा (सर्चमध्ये नाव इंग्रजीतच टाका). नदी याच तलावातून जाते. तलावातून ती बाहेर पडते तिथे, ईशान्येला, मिसी फॉल्स आहे, तिथे पाणी अडवून तलाव साधारण ३ मीटरने चढवला, म्हणजे ते दुसऱ्या बाजूने काढता येईल. आता तलावाच्या दक्षिण टोकाला साउथ बे या खाडीवर या आणि झूम करा. खाडी संपते तिथे जवळजवळ ९ किमीचा कालवा खोदलाय, आजूबाजूला सगळं वेडंवाकडं आणि हाच तेवढा नीटनेटका, त्यावरून ओळखायचा. पुढे रॅट नदी, नोटिगीचे पाणी सोडायचे दरवाजे, बर्नटवुड नदी, थॉम्पसन शहर, स्प्लिट लेक असं करत शेवटी नेल्सन नदी लागते, आणि सगळा खटाटोप तिच्यासाठीच, कारण केटल, लाँग स्प्रूस, लाइमस्टोन ही मोठी वीजकेंद्रं तिच्यावर आहेत.

आधीचं-नंतरचं बघायला टाइमलॅप्स लावाल तर फसाल, मीपण फसलो होतो, ते १९८४ पासून सुरू होतं आणि तोवर काम होऊन गेलेलं. त्यापेक्षा अमेरिकेच्या यूएसजीएसच्या (सरकारी भूसर्वेक्षण खातं) अर्थएक्सप्लोरर वेबसाइटवर फुकट अकाउंट काढा, लँडसॅट १ उपग्रहाचे १९७२ ते ७५ मधले फोटो काढा, तेही जुलै-ऑगस्टचेच, नाहीतर सगळीकडे बर्फ. जुन्या लँडसॅटचे पाथ-रो नंबर (फोटो कुठल्या भागाचा ते सांगणारे) नव्यांशी जुळत नाहीत, म्हणून नंबर न टाकता नकाशावर चौकोन काढून शोधा. फोटो भरड आहेत, बारीकसारीक दिसणार नाही, पण नोटिगीच्या वरचे सुटे सुटे तलाव पुढे एकमेकांत मिसळून गेलेत ते कळतं.

फोटोत न दिसणारंही बरंच आहे. पाणी चढलं तशी गोठलेल्या जमिनीचे काठ वितळून ढासळायला लागले, माशांत पारा वाढला, आणि तलावाकाठच्या साउथ इंडियन लेक गावच्या क्री या मूळनिवासी लोकांचा व्हाइटफिशचा धंदा बसला, गावसुद्धा हलवावं लागलं.

शेवटी मुखाशी चर्चिल गावाजवळ जाऊन नदीत आडवा दगडी बंधारा शोधा. तो १९९० च्या दशकाच्या शेवटी घातला, गावाजवळ पाण्याची पातळी टिकावी म्हणून.