बागेतील पायवाट: फरशीआधी पाया
बागेतील पायवाट खचते, ती बहुतेक वेळा फरशीच्या दोषामुळे नव्हे, तर तिच्याखालचा थर नीट न ठोकल्यामुळे. म्हणून आधी दोरी अंथरून वाट आखावी, दोन-चार दिवस तिच्यावरून चालून पाहावे आणि मगच खोदाईला हात घालावा. ५ सेंटीमीटर जाडीच्या फरशीसाठी सुमारे १८ सेंटीमीटर खोल चर खणून मुळे व भुसभुशीत माती काढावी. तळाशी कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, मिसळलेली १० सेंटीमीटर खडी दोन थरांत पसरावी आणि प्रत्येक थर किंचित ओला करून धुम्मसाने (जमीन ठोकण्याच्या जड अवजाराने) इतका ठोकावा, की त्यावर टाचेचा ठसा उमटू नये. माझ्या मते निम्मा वेळ इथेच द्यावा, कारण पुढे दुरुस्ती करायची म्हणजे सगळी वाट उचलावी लागते. त्यावर ३ सेंटीमीटर वाळू सपाट करून, पाणी घरापासून दूर वाहील असा दर मीटरला २ सेंटीमीटर उतार राखत, फरश्या रबरी हातोड्याने बसवाव्यात. कडेला विटा उभ्या रोवल्या नाहीत, तर फरश्या हळूहळू बाहेर सरकतात. सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडूने भरावी आणि पहिल्या पावसात ती खाली बसली, की पुन्हा भरावी.