दारावर लाल ओढणी

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि आमच्या दोन खोल्यांतच ऑफिस, शाळा, पाळणाघर सगळं आलं. तेव्हा खरोखर उपयोगी पडलेली गोष्ट सांगते.

लॅपटॉप उघडायच्या आधी मुलाला २० मिनिटं पूर्ण द्या. फोन दुसऱ्या खोलीत. माझा लेक तेव्हा पाच वर्षांचा होता. आम्ही जमिनीवर बसून शेंगा सोलायचो, तो दाणे वाटीत टाकत मोजायचा. एवढ्यावर त्याचं मन भरायचं आणि पुढचा तासभर तो आपला आपण खेळायचा. आधी काम उरकून मग वेळ देऊ म्हटलं, की दर पाच मिनिटांनी ‘आई, आई’ सुरू!

मीटिंग असली की दाराच्या कडीला लाल ओढणी बांधा. लहान मुलांना घड्याळ कळत नाही, ओढणी कळते. मीटिंग संपल्यावर ती त्यालाच सोडू द्या. त्याच्या हाताला लागेल असा चुरमुऱ्यांचा डबा आणि पाण्याची बाटली सकाळीच भरून ठेवा.

शाळेच्या ऑनलाइन वर्गाची फार धास्ती घेऊ नका. केंद्राच्या जुलै २०२० मधल्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांतही पूर्वप्राथमिकला दिवसाला ३० मिनिटांहून जास्त वेळ नको, असंच म्हटलं होतं.

आणि साहेबांना स्पष्ट सांगा, ‘एक ते दोन मी मुलाला जेवू घालते, त्या वेळेत फोन घेणार नाही.’ मी हे सांगायला दोन महिने घाबरले. पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं.