पिळदार नायिका लिहिताना या चुका टाळा

पहिल्या पानावर नायिकेचे दंड पोलादी असतात. दहाव्या पानावर तीच नायिका घागर उचलताना धापा टाकते, आणि शेवटी तर ती पिळदार आहे हे लेखकच विसरलेला असतो. असं होतं, कारण शरीर ठरवलेलं असतं, पण ते कोणत्या कामानं घडलं हे ठरवलेलं नसतं. आधी तिचं काम ठरवा. ते पक्कं झालं की बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

सगळ्या ताकदवान बायकांना एकच शरीर देणं

नाशिक जिल्ह्यातच किती तऱ्हा आहेत, बघा. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात ब्राँझ मिळवलं. लांब पल्ल्याच्या धावपटूचं शरीर हलकं आणि चिवट असतं. मनमाडसारख्या गावात वेटलिफ्टिंग करणारी मुलगी वेगळी दिसते. तिची ताकद मांड्यांत, कमरेत आणि पाठीत असते. मानेपासून खांद्यापर्यंतचा भाग भरलेला असतो, आणि पोटावर चौकोन दिसतीलच असं नाही. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत छाटणी आणि विरळणी करणारी बाई दिवसभर मांडवाखाली हात वर करून उभी असते. तिचे दंड बारीक दिसतील, पण खांदे आणि मान दणकट असते आणि कात्री धरणाऱ्या पंजाची पकड सोडवता येत नाही.

ताकदवान म्हणजे धिप्पाड, हाही गैरसमजच. मीराबाई चानू यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटात क्लीन अँड जर्कला (रॉड आधी खांद्यांवर, मग तिथून डोक्यावर) ११५ किलो उचलले. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त.

स्नायू दगडासारखा लिहिणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. सैल सोडलेला स्नायू मऊ असतो, तो आवळला की टणक होतो. झोपलेल्या नायिकेचा दंड ‘दगडासारखा’ लिहिलात, तर व्यायाम करणारी वाचक तिथेच पुस्तक मिटेल. खरी गंमत या बदलात आहे. ती चहाचा कप धरून बसलेली असताना हात साधा दिसतो. बरणीचं घट्ट झाकण फिरवताना मात्र कोपरापासून मनगटापर्यंत एक पट्टा उठतो आणि झाकण सुटताच विरून जातो. शिरांचंही तसंच. व्यायामानंतर लगेच त्या फुगतात, तासाभरात बसतात. शरीरसौष्ठवाच्या मंचावर दिसणारं रूप तर काही दिवसांचंच असतं. वर्षभर तशीच राहणारी नायिका खोटी वाटते.

खुणा हातांवर शोधा. बोटांच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूला घट्टे असतात. ते वाढले की रॉडवर सोलले जातात, म्हणून मुली ते घासून सपाट ठेवतात. डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहणं) करणारीच्या नडगीवर खरचटल्याच्या रेघा असतात.

कपडे तर शरीरापेक्षा जास्त बोलतात. ‘तिचे दंड भरदार होते’ हे वाक्य काढा आणि तिला शिंप्याकडे पाठवा:

“ताई, दंडघेर पाऊण इंच वाढलाय. बाही उसवून देतो, पण मुंढ्यात आता माया उरली नाही.”
“मग नवीनच शिवा काका. आणि या वेळी माया जास्त ठेवा.”

माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. दोन वाक्यांत शरीर दिसलं, आणि ती थांबणार नाही हेही कळलं. पॅन्टचं उलटं असतं: मांडीत अडकते, कमरेत सैल होते.

आकडे आणि कॅलेंडर चुकवणं

जिममधला नेहमीचा मोठा रॉड २० किलोचा. दोन्ही बाजूंना वीस-वीसच्या दोन-दोन प्लेट लावल्या की १०० किलो होतात. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत बायकांचा रॉड १५ किलोचा आणि थोडा बारीक असतो. साठ किलोच्या मुलीनं नियमित सरावानंतर वर्ष-दोन वर्षांनी १०० किलोची डेडलिफ्ट मारली, तर पटतं. पहिल्या महिन्यात मारली, तर नाही.

पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था सरावल्यामुळे. आरशात फारसं काही दिसत नाही. कथेसाठी हा काळ सोन्यासारखा आहे: तिला स्वतःला फरक कळतो, घरच्यांना अजून पत्ताच नसतो. अंगही त्याच दिवशी दुखत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं, तेव्हा जिना उतरतानाचा प्रसंग तिथे ठेवा.

जेवणही हिशेबात घ्या. स्नायू वाढवायला किलोमागे साधारण १.६ ते २.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोला ९६ ते १३२ ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम सहा. रविवारची मिसळ तिला खाऊ द्या, पण मटकीवर भागत नाही हे तिला माहीत असतं.

ओळखीच्या बाईला जशीच्या तशी उचलणं

नाव बदललं की झालं, असं वाटतं. पण एखाद्या तालुक्यात तो खेळ खेळणाऱ्या मुली दोन-तीनच असतील, तर नाव बदलून काय उपयोग? सगळं गाव ओळखणार. काम एकीचं घ्या, चाल दुसरीची, बोलणं तिसरीचं. खेळ, वजनी गट, गाव आणि नातेवाईक यांतलं निदान दोन बदला. दुखापत, पाळी, मोडलेलं लग्न या गोष्टी विचारल्याशिवाय वापरू नका. त्या तिच्या आहेत.

जिममध्ये बघायला जाणार असाल तर आधी प्रशिक्षकांना आणि तिला, दोघांनाही सांगा. फोटो काढू नका. जड सेटनंतरची दोन ते पाच मिनिटं ती मोकळी दिसते, पण मनानं पुढच्या सेटमध्ये असते. तेव्हा बोलू नका. व्यायाम संपल्यावरही ‘किती उचलतेस?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा: सकाळी उठल्यावर काय दुखतं? ब्लाउज कोण शिवतं? घरात जड वस्तू हलवायची असली की कोणाला हाक मारतात? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक एक अख्खा प्रसंग हाती लागतो.

ताकद म्हणजे मारामारी

वेटलिफ्टर एका झटक्यात प्रचंड जोर लावते, पण ठोसा चुकवणं तिला कोणी शिकवलेलं नसतं. कुस्तीगीर पकड सोडवेल, पट काढेल, म्हणजे पाय धरून पाडेल. जोर लावून झटापट करताना अर्ध्या-एक मिनिटातच श्वास लागतो, हात जड होतात. पाच गुंडांना लोळवायचंच असेल, तर दुसऱ्यानंतर तिला दारात पाठ टेकवून उभी करा, म्हणजे समोर एका वेळी एकच येईल.