हाडांची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे आणि मांडी दुखतेय? मग हे करा

आधी आईची औषधांची पिशवी उलटी करा. आठवड्यातून एकदा उपाशीपोटी ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही अशी गोळी असेल तर ती बहुतेक अलेंड्रोनेट किंवा रिसेड्रोनेट. वर्षातून एकदा सलाईनमधून देतात ते झोलेड्रोनिक अ‍ॅसिड. कधी सुरू झाली ते जुन्या चिठ्ठीवर बघा, कारण आपल्याकडे होतं काय की मुंबईच्या डॉक्टरने लिहिलेली गोळी मुलगा गणपतीला येताना घेऊन येतो, मग शिमग्याला परत, आणि किती वर्षं झाली ते कोणी मोजतच नाही.

ही गोळी हाडांची झीज रोखते पण त्याबरोबर हाडाची रोजची डागडुजी पण मंदावते, मग मांडीच्या हाडाला बाहेरच्या बाजूने बारीक चीर पडली तर ती भरत नाही आणि एक दिवस न पडता, नुसतं पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरताना हाड आडवं मोडतं. क्वचितच होतं हे, आणि खुब्याचं हाड वाचतं तो फायदा बहुतेकांसाठी त्याहून मोठा, तेव्हा लगेच गोळी फेकू नका. पण पाचेक वर्षांनंतर धोका वाढत जातो, स्टेरॉइड चालू असेल तर अजून. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१० सालीच इशारा दिलाय.

मोडण्याआधी बऱ्याच जणींना काही आठवडे, कधी काही महिने मांडीत नाहीतर जांघेत ठणकतं, चालताना जास्त. आपण म्हणणार वात आहे, तेल चोळा. डॉक्टर पण कधीकधी नुसता गुडघ्याचा एक्सरे काढतात आणि तिथे काय दिसणार! म्हणून स्वतःहून सांगा, गोळी इतकी वर्षं चालू आहे, दोन्ही मांड्यांचा खुब्यापासून गुडघ्यापर्यंत एक्सरे काढा. दोन्ही, कारण दुखत नसलेल्या पायात पण चीर सापडते. एक्सरे साफ आला तरी दुखणं थांबत नसेल तर एमआरआय. त्यासाठी रत्नागिरी नाहीतर चिपळूण, आणि सावंतवाडीकडच्यांनी सरळ गोव्याचं बांबोळी (तिथलं मेडिकल कॉलेज) गाठा. तोवर पायावर भार नको, वॉकर घ्या, विहिरीचं पाणी ओढणं आणि आडोळीवर (विळीवर) बसणं बंद.

चीर सापडली तर गोळी थांबवतात, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी बघतात, गरज पडली तर हाड मोडायच्या आतच रॉड घालतात. फक्त गोळीऐवजी दर सहा महिन्यांनी घ्यायचं, हाडांच्या झिजेवरचंच डेनोसुमॅबचं इंजेक्शन असेल तर ते आपल्या मनाने चुकवू नका, अचानक बंद केलं तर मणके मोडू शकतात, त्याजागी दुसरं काय द्यायचं ते डॉक्टरलाच ठरवू दे.